चौथा घाणा

लोम गावात झ्लातिना सिस्टरला ओळखत नाही असं घर नव्हतं. नोकरी संपून अकरा वर्षं झाली होती, तरी वसंतात आणि शरदात तिची पिशवी गल्लीगल्लीतून फिरायची. पन्नाशी उलटली की वर्षातून दोनदा दहा-दहा दिवस मेंदूचं सलाइन लावून घ्यायचं; त्यानं मेंदूच्या पेशींना कवच चढतं, उद्या रक्त कमी पडलं तरी त्या तग धरतात, असं सगळे मानत. झ्लातिनाही मानायची. तिचा हात असा हलका की सुई गेलेली कळायची नाही. बाटली टांगायची जागाही घरोघरी ठरलेली होती. कुणाकडे पडद्याचा दांडा, कुणाकडे भिंतीवरची हरणाची शिंगं.

तिचा नवरा स्तामेन रेल्वेतला निवृत्त सांधेवाला. दिवसाला दहा शब्द बोलला तर फार. शेजारीण रायना म्हणायची, "तुझ्या नवऱ्यापेक्षा माझी कोंबडी जास्त बोलते गं."

सप्टेंबरातल्या त्या रविवारी तिघं अंगणात मिरच्या भाजत होती. जाळावर पत्र्याचं पिंप, त्याला दांडा, आणि दांड्यावर स्तामेन. तो दांडा एकसारखा फिरवत राहावं लागतं. चर्चमध्ये नऊचे टोल पडले तेव्हा पहिला घाणा चढला. भाजलेला प्रत्येक घाणा वेगळ्या झाकणाच्या पातेल्यात जायचा आणि दोघी गप्पा मारत सालं काढायच्या.

करपल्याचा वास आधी रायनाला आला.

"स्तामेन, मिरच्या भाजतोस की कोळसा पाडतोस?"

स्तामेननं उत्तर दिलं नाही, पण त्यात नवल काय! झ्लातिनानं मान वळवली तेव्हा त्याचा डावा हात मांडीवर पडला होता आणि तो त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत होता. तोंडाचा एक कोपरा खाली घसरला होता.

तिनं आयुष्यात असे पन्नास चेहरे पाहिले होते. पण हा स्तामेनचा होता. आणि त्याला तर एप्रिलातच दहा बाटल्या लावून झाल्या होत्या. मग कवच गेलं कुठं?

"अगं, बघत काय उभी राहिलीस? लाव की सलाइन!" रायना ओरडली. "कुदळ भिंतीला टेकवून हातानं उकरतेस होय?"

झ्लातिनाचे पाय आपोआप कपाटाकडे गेले. द्राक्षाच्या मांडवाला बाटली लागली, थेंब पडू लागले. आता बोट हलेल, मग हलेल, असं म्हणत ती थेंब मोजत बसली. बाटली संपली. बोट हललं नाही. तेव्हा कुठं तिनं रुग्णवाहिकेला फोन केला.

जिल्ह्याच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो काढून घेतला आणि एकच प्रश्न लावून धरला.

"काकू, हे शेवटचे धड कधी होते? नक्की वेळ सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वेळ माहीत नसेल तर मला देता येणार नाही."

"सकाळी होता की धड… उठला, चहा प्याला."

"बोलले का काही?"

झ्लातिना गोंधळली. बोलला होता का? काल? परवा? गप्प होता तो नेहमीसारखा की आजारानं, हे आता कसं सांगायचं? बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याचं गप्प राहणं तिनं कधी तपासलंच नव्हतं. आणि सलाइनचं सांगावं की नको? ते वगळलं तर तिची चूक झाकली जात होती, पण मग वेळेचा हिशेब चुकत होता.

"मी त्याला आधी सलाइन लावलं," ती एकदम म्हणाली. "मेंदूचं. चाळीस मिनिटं."

"त्यानं नुकसान नाही झालं. चाळीस मिनिटं मात्र गेली. वेळ सांगा."

तिनं रायनाला फोन लावला. "पातेल्यांची झाकणं काढ. करपलेला घाणा कितवा?"

"बाई गं, वेड लागलं का तुला? …चौथा. एका अंगानं नुसता कोळसा."

"आणि तिसरा?"

"तिसरा सोन्यासारखा आहे. तो ओतताना तर मला म्हणाला, 'तुझी जीभ शिणत नाही का गं?' नीट, स्पष्ट बोलला. मनाला लागलं म्हणून लक्षात राहिलं."

नऊला सुरुवात, एका घाण्याला पाव तास. तिसरा उतरला तो पावणेदहाला.

"पावणेदहा," झ्लातिना म्हणाली. भिंतीवर बारा वाजायला दहा मिनिटं होती. डॉक्टरीणबाई पळतच आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी रायना मिरच्यांची बरणी घेऊन इस्पितळात आली. स्तामेनचं तोंड जवळजवळ सरळ झालं होतं. डावी बोटं जेमतेम मिटत होती.

"बघ, तुझ्या सलाइननं वाचला! सगळी गल्ली हेच म्हणतेय. माझं कधी सुरू करतेस?"

"इंजेक्शननं वाचला गं. आणि तुझ्या जिभेनं."

"असू दे, असू दे. सोमवारी येतेस ना?"

झ्लातिनानं बरणी खाटेच्या उशाशी ठेवली. वीस वर्षं तिनं गावाला कवच घातलं होतं की नुसतं पाणी, हे ती आता कुणाला विचारणार? आणि 'नाही' म्हटलं तर या माणसांना द्यायला तिच्याजवळ उरलं काय?

"आधी दोन्ही हात वर कर," ती शेवटी म्हणाली. "आता हस. आता तुझं नाव सांग. यातलं एक जरी जमलं नाही, तर मला नाही बोलवायचं. रुग्णवाहिका बोलवायची, आणि घड्याळ बघायचं."

"आणि सलाइन?"

झ्लातिनानं तिचा खाली येणारा हात पुन्हा वर ढकलला.

रायना हात वर करून तशीच उभी होती. खाटेवरच्या स्तामेननं तिच्याकडं पाहिलं आणि जड जिभेनं, सावकाश विचारलं, "चौथा घाणा… टाकून दिलास?"

"दिला टाकून."

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि त्या दिवसापुरतं त्याचं बोलणं संपलं.