मागचा भांग

आज सकाळी माक्याच्या तेलाची बाटली उघडली आणि सोनाळ्याच्या शाळेतली सहावीची सविता आठवली.

त्या दिवशी मी इंग्रजीच्या तासाला ‘मायसेल्फ’ शिकवत होते. सकाळी कोणतं काम स्वतः केलं, ते एकेका वाक्यात सांगा, म्हटलं. मुलींचं ‘आय ड्रेस मायसेल्फ’, ‘आय वॉश मायसेल्फ’ सुरू झालं. मग सविता उठली. तिच्या दोन वेण्यांना ह्याच तेलाचा उग्र वास होता. वेणीचा इंग्रजी शब्द तिनं आदल्या दिवशीच मला विचारून ठेवला होता. ‘आय प्लेट माय हेअर मायसेल्फ,’ ती अडखळत म्हणाली. वाक्य बिनचूक होतं. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

तास संपल्यावर ती टेबलापाशी घुटमळली. ‘मॅडम, मागचा भांग सीधा आला काय हो? मले दिसत नाही.’

‘आला, आला,’ मी वहीतून डोकं वर न काढताच म्हणाले.

ती जाताना पाठमोरी दिसली. भांग मानेपर्यंत वेडावाकडा उतरला होता. तिची माय दिवाळीआधी गेली, हे मला ठाऊक होतं. हाक मारून, कुणाचा तरी कंगवा घेऊन दोन मिनिटांत तो नीट करता आला असता. मी पुढची वही ओढली.

आता ह्या घरात मी एकटीच असते. अंबाडा घातला की हात मागे जाऊन चाचपत राहतो. नीट बसला का, हे कुणाला विचारू? डोकं वर न काढता कुणी नुसतं ‘बसला, बसला’ म्हणालं, तरी मला आज पुरलं असतं.