चुकीला पहिला आंबा

"वा, वा! काय बढिया चुकलास रे!" असं म्हणत सर खडू कानावर अडकवायचे आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवायचे. मग सगळ्या वर्गानं वाजवायच्या. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कोणाचा तरी पहिला नंबर आला!

जबलपूरला आमच्या मराठी वस्तीतली मंडळी मे महिन्यात आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी निवासी अभ्यास शिबिर भरवायची. गोहलपुरातली एक शाळा सुटीत रिकामी मिळायची. बाकं जोडून त्यावर गाद्या टाकल्या की झाली झोपायची सोय. सर गणित शिकवत. मी ऑफिसातून रजा काढून इंग्रजी शिकवायची; पुढं मुली आल्यावर त्यांच्या खोलीवर पहाराही माझाच. सर रेल्वेच्या शाळेतून रिटायर झालेले. उजवा कान कायम पांढरा. बायको म्हणायची, "यांचा कान धुऊन धुऊन मी थकले."

रोज संध्याकाळी सर दिवसभरातली सगळ्यात चांगली चूक निवडायचे. ती करणाऱ्यानं वर्गापुढे उभं राहून आपण कसे चुकलो ते सांगायचं, आणि रात्रीच्या जेवणात पहिला आंबा त्याचा. पण सरांचं तोलणं कडक होतं. आळसानं झालेल्या चुकीला आंबा नाही. "डोकं लावून चुका रे! बिनडोक चूक तर कोणीही करून राहिलंय."

आता तुम्हीच सांगा, आंबा म्हटल्यावर पोरं गप्प बसतील? कमानिया गेटजवळच्या एका दुकानदाराच्या पोरानं रात्रभर बसून एक चूक तयार केली आणि सकाळी भोळा चेहरा करून फळ्यावर मांडली. सरांनी चष्मा वर केला. "ही नकली आहे बेटा. असली दाखव." एकदा तर स्वयंपाक्यानं खिचडी करपवली आणि टाळ्यांची वाट बघत दारात उभा राहिला. सर म्हणाले, "भैया, यात डोकं कुठं लावलं ते सांगा." आम्ही हसून हसून तीच करपलेली खिचडी खाल्ली.

एका वर्षी पहिल्यांदाच शिबिरात मुली आल्या. चारच, पण त्या याव्यात म्हणून सर घरोघरी जाऊन बसले होते. पोरीला घराबाहेर झोपायला पाठवायचं म्हणजे आयांच्या पोटात गोळा आणि बापांच्या कपाळाला आठ्या. चौघी एकमेकींच्या भरवशावर आलेल्या. एक परत गेली की बाकीच्या तिघीही ट्रंका उचलणार, आणि पुढच्या वर्षी कोणी पोरगी पाठवणार नाही, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.

त्यातली सुजाता शहराबाहेरच्या पनागरची. वडील तिथून रोज सायकलनं कारखान्यात जायचे. एका रविवारी पालकांची भेट संध्याकाळी होती, पण हा माणूस ओव्हरटाइम आटोपून दुपारीच आला आणि वर्गाच्या दारात उभा राहिला. नेमकी तेव्हाच सुजाता फळ्यापाशी उभी, सर म्हणताहेत "काय बढिया चुकलीस!" आणि अख्खा वर्ग टाळ्या पिटतोय. झालं! बापाचा चेहरा लालबुंद झाला.

"जय भीम, सर," ते आत येत म्हणाले. आवाज मात्र फाटलेला. "काहून हसून राहिले हे सगळे माह्या पोरीवर? पोरगी ढ असंल तर घरी सांगा ना. असा तमाशा काहून?"

"जय भीम, भाऊ. बसा तर खरं."

"बसत नाही. सुजाता, सामान बांध."

सुजाता रडकुंडीला आली. बाकीच्या तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला उठले, तर सरांनी हातानंच मला बसवलं.

"घेऊन जा, भाऊ. पण जायच्या आधी एक सांगा. तुम्ही पनागरहून येताना ताशी दहा किलोमीटरनं सायकल चालवली आणि जाताना ताशी पंधरानं, तर एकंदर वेग किती पडला?"

"साडेबारा," वडील फटकन म्हणाले. "यात काय विचारायचं?"

सरांनी खडू कानावर अडकवला. माझ्या मनात आलं, अहो नको, आज तरी नको! पण हात वर गेले होते. "वा, वा! काय बढिया चुकलात, भाऊ!"

वर्गात एक टाळी पडली नाही. कोणाची छाती होणार? तेवढ्यात सुजाता डोळे पुसत म्हणाली, "बाबा, देखो ना. मी पण साडेबाराच म्हटलं होतं. मग काहून चुकलं ते शोधलं."

"जाताना-येतानाचा मधला साडेबाराच होतो," बाप अडून बसला.

"पण हळू चालवता तेव्हा तुम्ही जास्त वेळ सायकलवर राहता ना, बाबा? रस्ता पंधरा किलोमीटरचा धरा. येताना दीड घंटा. जाताना एक घंटा. अढाई घंटे में तीस किलोमीटर. आता भागून पाहा."

वडिलांचे ओठ हलले. मग त्यांनी स्वतःच खडू मागितला. फळ्यावर भागाकार मांडला, पुसला, पुन्हा मांडला. "बाराच येऊन राहिले," ते पुटपुटले, आणि लेकीकडे बघतच राहिले. तेव्हा कुठं टाळ्या पडल्या, आणि पडल्या त्या थांबेचनात. त्या रात्री ते जेवूनच गेले. पहिला आंबा त्यांचा! रस कोपरापर्यंत ओघळत होता.

ते गेल्यावर सर धपकन खुर्चीत बसले. "मॅडम, पाणी द्या जरा. मला वाटलं, गेल्या चारही."

पुढच्या थंडीत सर गेले. दोन दिवसांचं आजारपण, आणि संपलं. मला फार रडू आलं, आजही येतं. शिबिर भरवायचं की नाही, यावर मंडळींत बरीच चर्चा झाली. शेवटी भरवलं.

पहिल्या दिवशी फाटकापाशी पनागरचा टेम्पो येऊन थांबला. पुढं सुजाताचे वडील, मागं सुजाता आणि तिच्या मोहल्ल्यातल्या पोरी, ट्रंकांवर ट्रंका रचून दाटीवाटीनं बसलेल्या. वडील हसत उतरले.

"सर कुठं आहेत?"

"सर गेले, भाऊ. थंडीत."

ते टेम्पोला टेकून उभे राहिले, शाळेच्या दाराकडे बघत. मला वाटलं, आता टेम्पो वळणार.

"मग गणित कोण शिकवून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजातला एक मुलगा मिळालाय. नवीन आहे."

"अच्छा."

त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं, टेम्पोच्या मागं गेले आणि फळी खाली पाडली.

"उतरा गं, पोरींनो. ट्रंका मी आणतो."