तात्यांच्या पाठीवरचा ठेका

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, घरात आवाज न काढता बोलायचे. नुसते ओठ हलवायचे. सोलापुरातल्या एका गिरणीच्या मागखात्यात त्यांची उमर गेली. तिथे सगळे माग एकदम चालू झाले की ओरडूनही उपयोग नसे, म्हणून विणकर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. तीच सवय तात्यांनी घरी आणली आणि आईला, आम्हा चौघा भावंडांनाही लावली. नव्या पाहुण्याला वाटे, या घरात सगळ्यांचं बिनसलेलं दिसतंय.

असा हा माणूस गाण्याचा वेडा होता. स्वतःला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, ऐकता मात्र यायचं. चौकातल्या हॉटेलात गाणी वाजवणारा कर्ण्याचा फोनो आला तेव्हा अख्खी गल्ली तिथे लोटली. तात्या एकदा जाऊन परत आले. "त्यात माणूस कुटं हाय?" म्हणाले. "दाद कुनाला द्यायची?" त्यांना समोर बसलेला माणूस लागायचा. दर गुरुवारी दिवेलागणीला दत्ताच्या देवळात भजन असे. तिथे ते आईसकट आम्हा सगळ्यांना घेऊन जात, धाकट्याला खांद्यावर बसवून. आम्ही सोबत नसलो तर त्यांना गाणं गोड लागत नसे.

रस्त्याने सनई-चौघडा चालला की आईला चुलीपुढून उठवून दारात आणत. तव्यावरची भाकरी करपे आणि आई त्यांच्या लग्नातली गोष्ट काढी. अंतरपाट दूर झाला, ती हार घेऊन उभी, आणि नवरदेव मान वळवून सनईवाल्याकडे बघतायत. त्याची तान संपल्यावरच यांनी मान पुढे केली. हे सांगताना ती दर वेळी नव्याने रागवायची. तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "आर्धी तान सोडून कसं वळायचं?"

मागांनी त्यांचे कान कधी खाल्ले ते आम्हाला कळलंच नाही, कारण घरातला सगळा कारभार ओठांवरच चाले. कळलं ते भर देवळात. एका गुरुवारी भजन म्हणता म्हणता बुवांना ठसका लागला. पखवाज थांबला, टाळ थांबले. सगळं देऊळ गप्प झालं, आणि त्या शांततेत तात्या डोळे मिटून, मान डोलवत म्हणाले, "वा!" मागे कुणीतरी हसलं. तात्यांनी डोळे उघडले आणि सगळ्यांचे थांबलेले हात बघितले. घरी येईपर्यंत त्यांनी आमच्यापैकी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आमच्या घरात त्याचा अर्थ एकच होता, कुणी काही बोलू नका.

पुढचे तीन गुरुवार ते गेले नाहीत. संध्याकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून बसत. जेवण अर्ध्यावर टाकत. चौथ्या गुरुवारी बुवा स्वतः दारात आले, तात्यांच्या पुढ्यात बसले आणि म्हणाले, "तुमी नसला की आमी भिताडाला गातोय. पखवाजाला हात लावून बसा, पर या." तात्या गेले. तेव्हापासून पखवाजाच्या खोडावर एक तळहात ठेवून बसू लागले. "वा" मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत. समेवर नुसता अंगठा उचलायचे. ते बघून मला फार वाईट वाटे.

मागून हाक मारावी तर ऐकू येत नसे, म्हणून आम्ही त्यांच्या पाठीवर बोटांनी ठेका धरत असू. थोरल्याचा केरवा, माझा दादरा, धाकट्या दोघांचे त्यांचे त्यांचे. तात्या न वळता, तेवढ्यापुरता आवाज काढून नाव सांगत. मला वर ऐकवत, "ठेका पळतोय, कुसुम. सावकाश."

लग्न होऊन मी दुधनीला गेले. तिथे एक दिवस निरोप आला की तात्या तापाने पडलेत, तुझं नाव घेतायत. गाडीने पोचले तेव्हा दुपार झाली होती. ते कुशीवर निजले होते, डोळे मिटलेले. "कुसुम आली का?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे वाकून सांगत होतो, आली, आली. मीही सांगत होते, तात्या, मी आलेय. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. तासभर असा गेला असेल. पाणी घेऊन आलेली शेजारीण बघतच राहिली. "आगं, डोळं मिटल्यात की त्येंचं," ती म्हणाली. "कुनाचं ओठ बगनार?"

आम्ही सगळे तासभर मिटल्या डोळ्यांपुढे बिनआवाजाचे ओठ हलवत होतो. त्या तासाची टोचणी अजून गेलेली नाही.

मी त्यांच्या मागे हात घालून पाठीवर दादरा धरला. मात्रा एकमेकींवर पडत होत्या. तात्यांचे ओठ हलले.

"ठेका पळतोय, कुसुम," ते म्हणाले. "सावकाश."

मी सावकाश केला. दर समेवर त्यांचा अंगठा उचलू लागला. उन्हं भिंतीवरून खाली उतरली तरी मी वाजवतच होते. अंगठा कधी थांबला ते मला समजलं नाही. आईला समजलं. तिने माझा हात धरला.