डावखुऱ्याचा दगड

कळस गावात आमच्या आजोबांना सगळे ‘मेजर’ म्हणायचे. निवृत्त होताना आबा हवालदार होते, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. तेवढी एक चूक आबांनी चालवून घेतली. बाकी चुकीचं काही खपवून घेणारा तो माणूस नव्हता.

त्यांना नाद वीरगळांचा. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीला उभा केलेला दगड. खाली लढणारा गडी कोरलेला, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर चंद्र-सूर्य. नाव कुठंच नाही. इंदापूर तालुक्यात असे दगड देवळापुढं, बांधावर, विहिरीच्या कडेला पडलेले असायचे आणि बायका त्यांवर खुशाल धुणं आपटायच्या. आबा सायकलला पाण्याचा कॅन आणि नारळाचा काथ्या बांधून गावोगाव हिंडायचे, दगड घासून लख्ख करायचे आणि समोर मांडी घालून त्याचं चित्र काढायचे. चित्र असं सुरेख, की दगडापेक्षा कागदावरच जास्त दिसायचं. लोक चेष्टा करायचे, “मेजर, देव सोडून धोंड्याला आंघूळ घालताय व्हय?”

“देवाला पुजारी हाय,” आबा म्हणायचे. “ह्याला कोन हाय?”

अडचण एकच होती. शाळेचं तोंड न बघता आबा इंग्रजांच्या फौजेत भरती झालेले, आणि तिथं त्यांना अक्षरं शिकवली ती इंग्रजी. त्यामुळं त्यांच्या वहीत शब्द मराठी आणि अक्षरं इंग्रजी. देवनागरीतली एसटीची पाटी तेवढी लावून लावून वाचायचे. ती वही नीट मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे होतं, कारण बारामतीला शिकणारी, वळणदार अक्षराची नात मी एकटीच. मला त्याचा कंटाळा होता आणि तो मी लपवायची नाही.

आठवी संपल्यावरच्या सुट्टीत एकदा ते मला ओढ्याकाठच्या एका दगडापाशी घेऊन गेले.

“बग, तलवार कंच्या हातात हाय?”

“डाव्या.”

“डावखुरा गडी. शंभरात येक.” त्यांनी तलवारीवरून पुन्हा काथ्या फिरवला. “लढाईत माझ्या शेजारी व्हता त्यो बी डावखुराच. बंदूक उलट्या खांद्याला लावायचा, कवायत शिकवनाऱ्या उस्तादाच्या शिव्या खायचा. त्याचा दगुड कुठं हाय? कुठंच न्हाय. मी ह्योच त्याचा म्हनतो.”

मी हे ऐकलं होतं. ऐकलं नसतं तर आज बरं झालं असतं.

सुट्टी संपताना आबांनी दोन वह्या हातात दिल्या, एक त्यांची आणि एक कोरी. चौदा दगड राहिलेत, सवडीनं उतरव, चित्रं जशीच्या तशी काढ, म्हणाले. सवड ढीगभर होती. पण वडील एमआयडीसीतून येईपर्यंत घरात मी आणि आई, आणि गल्लीत नुकतीच केबल आलेली. आबांची वही मी आठवीच्या वह्यांत ठेवली आणि जूनमध्ये आठवीच्या वह्या रद्दीत गेल्या. हे मला कळलं दिवाळीच्या सुट्टीत, आबा उद्या येतायत असा निरोप आला तेव्हा.

खरं सांगता आलं असतं. मी पाट्या टाकल्या. दुपारभर बसून एक वीर काढला, कार्बन पेपर लावून तोच चौदा पानांवर उमटवला. खाली चौदा वेळा लिहिलं, ‘उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल.’ चवीला कुठं घोडा, कुठं गाय. अकरावा दगड डावखुऱ्याचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. चित्राचा कागद नुसता उलटा धरला असता तरी तलवार डाव्या हातात गेली असती. तेवढेही कष्ट मी घेतले नाहीत. आबांना कुठं वाचता येतंय, असं मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आबा कोटावर पदकं लावून आले. बारामतीत इतिहासाचे एक प्राध्यापक होते, त्यांनी वही बघायला बोलावलं होतं. मला हे माहीत नव्हतं. आबांनी वही उघडलीसुद्धा नाही. “तू लिवलंय म्हंजी बराबरच असनार,” म्हणाले आणि मलाही बरोबर घेतलं.

सरांनी पानं चाळली. “आबा, तुम्ही सांगितलेला तो डावखुरा कितवा?”

“अकरावा.”

“इथं तर उजवा हात आहे.” त्यांनी मागची-पुढची पानं बघितली. “आणि हे सगळे एकसारखेच दिसतायत. आपण दगडच बघून येऊ या का?”

“दगुड न्हाय आता. पाझर तलावाच्या भरावात गेला.”

आबांनी वही घेतली, हात लांब करून चौदाही पानं उलटली. माझ्याकडे बघितलं नाही.

“माजीच नजर चुकली असंल, सर,” म्हणाले. “वय झालं.”

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. पण तोंड काही उघडलं नाही. सर चांगले होते, चहा दिला, पुढं विषय काढला नाही. त्यांनी पुन्हा कधी बोलावलंही नाही.

स्टँडवर आबांनी मला उसाचा रस पाजला. “माजी वही हाय न्हवं?”

“रद्दीत गेली.”

“बरं,” म्हणाले आणि एसटीत चढले.

त्यानंतर त्यांनी मला काही लिहायला सांगितलं नाही, आणि खोटं काय सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी कॉलेजात असताना आबा गेले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गणवेशाखाली पहिलीतल्या मुलांची अंकलिपी निघाली, पानं मळलेली. तिच्याखाली एक वही. आधीची पानं अ-आ-इ गिरवून भरलेली. शेवटी डावखुऱ्याचं चित्र, आठवणीतून काढलेलं, आणि खाली मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत: ‘तलवार डाव्या हातात. मी बगीतली हाय.’

घरी येणारे ती वही बघून म्हणतात, या वयात अक्षरं शिकले, केवढी जिद्द! मी नुसती मान हलवते. ते का शिकले, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.