खोटारडा काटा

ट्रक भररस्त्यात बंद पडला म्हणून उस्ताद चिडले नव्हते. ज्याचा उभा जन्म ट्रक हाकण्यात गेला, त्याला रस्त्यात अडकण्याची कसली लाज? तळपायाची आग मस्तकात गेली ती मुलाच्या फोनने. डिझेलचा कॅन घेऊन आलेल्या मुलाने तिथेच, चार लोकांसमोर, आत्याला फोन लावला.

"बाबांना विसर पडायला लागलाय गं. डिझेल न भरताच निघाले!"

"अरे, डिझेलचा काटा भरलेली टाकी दाखवत होता!" उस्ताद ओरडले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मुलगा म्हणाला. डिझेल संपल्यावर पाइपात भरलेली हवा काढायला मात्र याच विसरभोळ्या माणसाचे हात लागले. गाडी सुरू झाली, तशी मुलाने किल्ली आपल्या खिशात टाकली. आता गाडीला हात लावायचा नाही, आधी डॉक्टरला दाखवायचं. आत्याबाईंनीही 'साठी बुद्धी नाठी' फोनवरूनच पाठवून दिली. धाकटी बहीण, आणि ही अक्कल!

मुळात उस्तादांचा काट्यावर कधी भरवसा नव्हताच. खाचा पाडलेली एक लाकडी काठी टाकीत बुडवायची, ओली खाच बघायची आणि निघायचं. पण गेल्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी मुलाने ट्रक नव्यासारखा रंगवून घेतला आणि सीटमागची ती काठी कचरा म्हणून फेकून दिली. काटा दुरुस्त केलाय, आता काठी कशाला, असं वर ऐकवलं. ऐकलं, तिथेच चुकलं.

घरात बायको काही बोलली नाही. फक्त उस्तादांनी चहा करून गॅस बंद केला की ती उठायची आणि बटण पुन्हा पिळून बघायची. हे त्यांना मुलाच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यांनी मुलाला दंडाला धरून ट्रकमध्ये बसवलं. "किल्ली लाव आणि काट्याकडे बघत बस. गाडी पळवत नाही तुझी!"

स्वतः ते टाकीपाशी गेले. "काय दाखवतो?"

"भरलेली."

"आणि टाकीत काय आहे?"

कॅनभर डिझेल मुलानेच तर ओतलं होतं.

उस्तादांनी टाकीवरची काट्याची वायर सोडली आणि चेसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, उघड्या नटाला टेकवली. काटा धपकन खाली आला, असं मुलगा आतून म्हणाला. म्हणजे काटा धड, वायरही धड. मग त्यांनी टाकीतला, डिझेलवर तरंगणारा फ्लोट काढला, वायर त्याला पुन्हा जोडली आणि त्याचं झाकण चेसीला टेकवून तो हाताने वरखाली केला. काटाही मुकाट वरखाली झाला. फ्लोटही धड!

मग चोर कोण? फ्लोट परत बसवून उस्ताद टाकीखाली आडवे झाले. टाकीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आरशासारख्या चकाकत होत्या. पट्टीखाली रंग, नटाखाली रंग, टाकी जिथे चेसीला टेकते तिथेही रंग. टाकीभोवती उघडं लोखंड औषधालासुद्धा ठेवलं नव्हतं. टाकीला चेसीकडून अर्थिंग मिळणार कुठून? आणि ते तुटलं की हा काटा वर जाऊन बसतो. टाकी रिकामी असो की भरलेली, त्याचं आपलं सणसणीत खोटं चालूच.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" उस्ताद खालूनच गरजले. पॉलिश पेपरने रंग खरवडून त्यांनी टाकी आणि चेसी यांच्यामध्ये एक वायर आवळली.

"बाबा," मुलाचा आवाज बारीक झाला, "काटा तळाला आलाय."

तो खाली उतरला. रंग कुठे खरवडलाय ते पाहिलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. किल्ली पुढे करत म्हणाला, "चुकलं माझं."

"किल्ली राहू दे. आधी आत्याला फोन लाव. रस्त्यात बोललास तेवढ्याच मोठ्याने बोल."

मुलाने फोन लावला. रंगाचं सगळं सांगितलं, डॉक्टरची गरज नाही हेही सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

मग उस्तादांनी हात धुऊन चहा केला, गॅस बंद केला आणि कप घेऊन बसले. बायको सवयीने उठली, गॅसपर्यंत गेली आणि बटणाला हात न लावताच परत फिरली.

"बघून घे ना," उस्ताद म्हणाले. राग अजून उतरला नव्हता. "पोराला काट्याने फसवलं. तुला कुणी फसवलं गं?"

त्यांच्या हातातला चहा गार होत राहिला.