मिरजेची बदली

दत्ताभाऊ आज सकाळी गेला.
माझं नाव साफ न करताच गेला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दत्ताभाऊ पोलिसात हवालदार होता. गोपनीयचा माणूस. साध्या कपड्यात सभेला, मोर्चाला, उपोषणाला जायचं आणि कोण काय बोललं ते वर कळवायचं, ही त्याची ड्युटी.

संस्कृतात एम.ए. करताना शिकलो होतो की राजा चारचक्षू असतो. हेर हेच त्याचे डोळे.
आमच्या राजाचा हा डोळा खडखडत्या मोटरसायकलवरून यायचा, आणि तो आल्याशिवाय सभा सुरू व्हायची नाही. आयोजक त्याच्यासाठी कडेची खुर्ची राखून ठेवत.

तो थेट अध्यक्षांनाच विचारायचा, "साहेब, किती मानसं लिवू?"

इतका गोपनीय.

मला चिडवायचा. "शास्त्रीबुवा, तुमचं लिवल्यालं उद्या रद्दीत जातं. आमचं दिल्लीपत्तोर जातं. होम मिनिस्ट्रीत!"

जातही असेल. ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला. वाट इंग्रजांनी पाडलेली. नंतर पाट्या बदलल्या, वाट तीच राहिली.

फक्त पोलीस लाइनीच्या गळक्या छपराचा अर्ज तेवढा त्या वाटेनं जात नव्हता. तो शेजारच्या इमारतीतसुद्धा पोचत नव्हता.

पोलिसांना युनियन नाही. संप नाही. सगळ्या गावाचे मोर्चे सांभाळायचे, स्वतःचा काढायचा नाही.
म्हणून एका पावसाळ्यात बायकांनी ठरवलं. गळतीखाली ठेवलेल्या बादल्या आणि पातेली उचलायची आणि थेट मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जायचं.

चौघी पुढे होत्या. त्यातली एक शालनवहिनी. दत्ताभाऊची बायको.

पेपरचा फोटोग्राफर हवा म्हणून वहिनीनं मला आधी सांगितलं. "कुटं बोलू नगासा भावजी. ह्यास्नी बी सांगितल्यालं न्हाई."

मी बोललो नाही. बातमीदाराकडे दुसरं भांडवल काय असतं? कोणी काय सांगितलं ते पोटात ठेवायचं, एवढंच.

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी चौघींच्याही नवऱ्यांच्या बदल्यांचे हुकूम आले.
एक जत. एक आटपाडी. एक शिराळा.
आणि दत्ताभाऊ, मिरज.

बादल्या परत गळतीखाली गेल्या.

लाइनीत एकच प्रश्न उरला. फोडलं कुणी?
बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. मला.

पुढच्या वेळी गेलो तर दारं लागली. एक बाई तेवढ्यात म्हणालीच, "आलं बगा पेपरवालं. साहेबाचा चा लय ग्वाड लागला न्हवं?"
शालनवहिनी दारात उभी होती. त्या दिवसापासून बोललीच नाही.

जतला ज्यांची बदली झाली, त्यांच्या घरच्या ताई आजही विश्रामबागेत मला बघून रस्ता ओलांडतात.

दत्ताभाऊ माझी समजूत घालायचा. "जाऊ द्या वो शास्त्रीबुवा. कशाला मनावर घेताय? चा घ्या."
मी घेतला. वर्षानुवर्षं घेतला. वर त्यालाच धीर दिला, की बाबा रे, तुलाही बदलीचा त्रास झाला.

गेल्या आठवड्यात मिरजेच्या हॉस्पिटलात त्याला भेटलो. त्यानं हात धरला.
"शास्त्रीबुवा, माझ्यापायी तुमी लय सोसलं."
म्हटलं, "कसलं सोसलं? सिटी बसनं तर आलो."
तो हसला. मग तोंड खिडकीकडे केलं.

बातमी समोर कॉटवर पडली होती आणि हा बातमीदार बसचं कौतुक सांगत होता.

आज घाटावरून परतल्यावर वहिनीनं हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भावजी, बसा. तवा तुमी न्हाई फोडलं. ह्यांनी फोडलं. फोनवर बोलताना ऐकलं असंल माजं. ड्युटी केली त्यांनी."

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"कवा म्हंजे? तवाच की! बाकीच्यास्नी तिकडं लांब जत, आटपाडी, आन आमाला मिरज. सिटी बसनं डबा घिऊन जायाची बदली, ती काय शिक्षा असती व्हय?"

ही गोष्ट मीही इतकी वर्षं बघत होतो, दिसली मात्र नाही.

"मग लाइनीत सांगितलं का नाही, वहिनी?"

"आवं भावजी, मला त्यांच्यासंगं संसार करायचा हुता. तुमच्यासंगं न्हवता."

एवढी शास्त्रं वाचली. याला उत्तर कुठल्याच शास्त्रात नाही.

"मग आता कशाला सांगताय?"

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं.
"लिवा की तुमच्या त्या मोबाईलवर. लाइनीतल्या समद्या वाचत्यात. आता ह्यांची कोन बदली करतंय?"

म्हणून लिहितोय.

लाइनीतल्या ताई-वहिनींनो, तो मी नव्हतो.
विश्रामबागेत दिसलो तर त्याच फुटपाथवरून या.

आणि दत्ताभाऊ, नोकरी होती, हुकूम होता, सगळं समजतं मला. फोडलंस ते मी एक वेळ विसरेन. पण नंतरचा प्रत्येक चहा माझ्यासमोर बसून प्यायलास, ते कसं विसरू?

तुझ्याशी कडाकडा भांडायचं होतं. त्यालाच तू हजर नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा कडेची खुर्ची रिकामी ठेवलीस.

श्रद्धांजली, गड्या.
'भावपूर्ण' मागाहून पाठवतो.