पार्थी क्रूमच्या दोन बॅगा

पार्थी क्रूमचा परवाना गेला तो तिच्या बॅगेत दारूची बाटली सापडली म्हणून, असं टॅलाबेना गावात आजही कुणी ना कुणी सांगतंच. सांगणारा बाटली केवढी होती ते हातानं दाखवतो, आणि दर वर्षी हातांमधलं अंतर थोडं वाढतं. माउंट नेबो चर्चच्या मागच्या बाकांवरच्या गप्पांत तर बाटलीच्या जोडीला करणीसाठीचा कोंबडीचा वाळवलेला पायही निघाला होता. हे सगळं खोटं. पार्थी पक्की बाप्टिस्ट होती, दारूला शिवत नसे. घरात बाटली असलीच तर ती तिच्या नवऱ्याची होती, आणि ती पिठाच्या पिंपात होती. बॅगेत जे सापडलं ते दारूपेक्षा पुष्कळ जास्त महागात पडणारं होतं.

काउंटीत आपल्या काळ्या माणसांची बाळंतपणं करणाऱ्या सुईणी सात. सातही जणींकडे दोन दोन बॅगा, आणि विचारलं तर सातही जणी बायबलवर हात ठेवून सांगणार, एकच आहे. पहिली बॅग आरोग्य खात्याची. काळं चामडं, आत उकळून इस्त्री केलेलं पांढरं अस्तर, कात्री, नाळेचा दोरा, नखं घासायचा ब्रश, बाळाच्या डोळ्यांत घालायचे थेंब. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोर्टासमोरच्या कचेरीत सातही जणी पांढऱ्या टोप्या घालून बाकावर बसत, हात धुण्याचं गाणं म्हणत, आणि मिसेस ट्रुइट ही गोरी नर्स एकेक बॅग उघडून आत नाक घाली.

दुसरी बॅग दिसायला हुबेहूब तशीच, पण खरी कामाची. तिच्यात आईकडून आलेल्या मुळ्या, काळी मिरी, काढ्यात टाकायचं कुंभारमाशीचं मातीचं घर, आणि कळा कापायला गादीखाली ठेवायची सुरी. खात्याला यातलं काही चालत नसे. बायकांना मात्र सुरी गादीखाली गेलेली दिसल्याशिवाय धीर येत नसे. मिसेस ट्रुइटला दुसऱ्या बॅगेचं ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण एकोणीस वर्षं तिनं विचारलं नव्हतं, आणि एकोणीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. दोन्हीकडून सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात पार्थीच्या दुसऱ्या बॅगेत आणखी एक गोष्ट राहायला आली. कागद. मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टात गेलं की तिथला कारकून राज्यघटनेतलं एक कलम पुढ्यात टाकायचा. ते उतरवून काढायचं आणि खाली आपल्या शब्दांत अर्थ लिहायचा. अर्थ बरोबर की चूक ते तोच ठरवणार. गोऱ्यांपैकी कुणाचा चुकल्याचं आणि आपल्यापैकी कुणाचा बरोबर आल्याचं ऐकिवात नव्हतं. सराव करून घ्यायला राजधानीतून, जॅक्सनहून, चळवळीतली पोरं-पोरी आली होती, पण मळ्यांवर शिरायची सोय नव्हती. मुकादम फाटकातूनच हाकलून लावत. सुईणीला मात्र कुठलाच मुकादम अडवत नाही. मळ्यावर कापूस वेचायला आणखी दोन हात येतायत म्हटल्यावर अडवेल कशाला?

आणि बाळंतपणात काम तासाभराचं, वाट बघणं दिवसभराचं. आसपासच्या बायका जमलेल्याच असतात. पार्थीनं त्यांच्या हातात पेन्सिली दिल्या. लोकांना शांतपणे एकत्र जमण्याचा हक्क आहे, असं एक कलम होतं. त्याखाली लुवेनिया टॉल्बर्टनं, बावीस वर्षांची पोर, पोटात पहिलं, अर्थ लिहिला होता: "जमा, पण मुकादमाला दिसू नका."

"हे लिहिलंस तर कारकून नापास करेल," पार्थी म्हणाली.

"मावशी, तो तसाही करणारच आहे. निदान खरं लिहून तरी नापास होऊ दे."

कागदाच्या तळाशी नाव लिहायचं. कोर्टात तेही लिहावं लागतं, म्हणून पार्थी नावाचाही सराव करून घ्यायची, पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. चूक म्हणायची तर ती हीच. अकरा कागद झाले, अकरा नावं झाली, आणि ती दुसऱ्या बॅगेच्या अस्तराखाली झोपली. त्या बॅगेच्या हँडलला ओळखीसाठी लाल धागा बांधलेला असे.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी ती चर्चमधून घरी आली, तर नवऱ्यानं, एल्बर्टनं, दोन्ही बॅगा बुटाच्या पॉलिशनं घासून टेबलावर मांडलेल्या.

"बघ, चेहरा दिसतोय त्यात," तो म्हणाला.

"तुझाच दिसतोय, म्हणून तर दचकले," ती म्हणाली, पण मनातून खूश झाली. सदतीस वर्षांच्या संसारात त्यानं आपणहून केलेलं हे दुसरं काम, आणि पहिलं कुठलं ते तिला आठवत नव्हतं. ब्रश नीट फिरावा म्हणून त्यानं लाल धागा सोडला होता. आठवणीनं परत बांधलाही होता. फक्त खात्याच्या बॅगेला.

सोमवारी बाकावर पार्थीचा नंबर पाचवा. बसल्यावर तिनं बॅग पायाशी ठेवली, आणि ठेवताना आत सुरी खुळकन वाजली. पलीकडे नदीपारची सुईण डोशिया हार्गिस बसली होती.

"पार्थी, भर थंडीत घाम कसला गं फुटलाय तुला?"

"बॅग."

"बॅगेला काय झालं?"

"ही खात्याची नाही. ती दुसरी आहे."

डोशियानं समोर बघत हात धुण्याचं गाणं जरा जास्तच मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. यापलीकडे मैत्रिणीसाठी तिला त्या खोलीत काही करता येण्यासारखं नव्हतं.

मिसेस ट्रुइटनं पाचवी बॅग उघडली. सुरी निघाली, मुळ्या निघाल्या. मातीचं घर तिनं दोन बोटांत धरून वर केलं.

"पार्थीनिया, हे काय आहे?"

"माती आहे, बाई."

"बॅगेत माती?"

"स्वच्छ आहे, बाई. उकळून घेतो आम्ही."

बाकावर कुणीतरी खोकलं. इथं थांबलं असतं तर महिनाभर बोलणी खाऊन भागलं असतं. पण नर्सनं अस्तर उचललं, वरचा कागद हातात घेतला, कलमाची पहिली ओळ वाचली, आणि तिची नजर खाली नावाकडे सरकायच्या आत पार्थी उठली होती. तिनं बाईच्या हातातून कागद ओढला, बॅगेतले बाकीचे मुठीत धरले, दोन पावलांत शेगडीपाशी गेली आणि झाकण उघडून सगळे आत कोंबले. गोऱ्या बाईच्या हाताला न विचारता हात लावायची तिची सबंध आयुष्यातली ती पहिली वेळ. खोलीत जळक्या कागदाचा वास पसरला आणि गाणं थांबलं.

दुपारी दोनला तिला परत बोलावणं आलं. खुर्चीत काउंटी मंडळाचा एक माणूस बसला होता, गुडघ्यावर हॅट ठेवून. तो बोलला नाही. मिसेस ट्रुइट बोलली. ते कागद कुणाकुणाचे होते ते शुक्रवारी पाचच्या आत लिहून आण, परवाना परत मिळेल. नाही आणलंस तर यापुढे कुठल्याही बाळाला हात लावलास की तुरुंग. दोन्ही बॅगा जमा. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "पार्थीनिया, हे माझ्या हातात नाही गं."

"माझ्याही नाही, बाई. जळालं ना सगळं."

"तुझ्या डोक्यातलं नाही जळालं," हॅटवाला तेवढंच बोलला.

नाव कळलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आदल्या उन्हाळ्यात एक कुटुंब नोंदणीला गेलं, तर मालकानं चूल पेटलेली असतानाच त्यांच्या खाटा रस्त्यावर काढल्या, आणि ते ज्या नातेवाइकाकडे गेले त्याच्या खिडकीतून गोळ्या आल्या. अशी अकरा घरं. आणि नदीच्या अलीकडे सुईण एकटी पार्थी. सोमवारी रात्री नदीला पाणी चढलं, त्यामुळे पलीकडून डोशिया येऊ शकत नव्हती. मंगळवारी सकाळी एल्बर्टला कापसाच्या जिनिंगवर सांगितलं, उद्यापासून नको येऊस. कारण त्यांनी सांगितलं नाही, यानं विचारलं नाही.

बुधवारी अर्लीन सग्जच्या घरून निरोप आला, कळा सुरू झाल्यात. पार्थी दारात उभी राहून म्हणाली, डॉक्टरकडे न्या. शुक्रवारपर्यंत कायदा पाळला, हात जोडले, तर कदाचित नावं न देताही परवाना मिळेल, अशी एक वेडी आशा तिला होती. ट्रक चिखलात रुतला. बाळ ट्रकमध्येच आलं, गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. पार्थीची दोन बोटं तिथं असती तर ते सुटायला एका श्वासाचा वेळ लागला असता. बोटं तिथून बारा मैलांवर वाटाणे निवडत होती.

संध्याकाळी अर्लीनची आई आली. पार्थी शिव्या खायच्या तयारीनं उभी राहिली. म्हातारी म्हणाली, "तुझा काय दोष, बाई. तुला मनाई होती." आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग पार्थीनं कोरा कागद काढला, पेन्सिल घेतली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. वर एकचा आकडा घातला.

"लिहितेस?" एल्बर्टनं विचारलं.

नवऱ्यावर चिडली की ती त्याला आडनावानं हाक मारायची. "लिहिलं तर अकरा घरं रस्त्यावर. नाही लिहिलं तर किती पोरं मातीत? सांगा ना, मिस्टर क्रूम. धागा बांधता येतो तुम्हाला, हिशेबही येत असेल."

चुलीवर वाटाणे करपले, कुणी उठलं नाही. कागदावर एकच्या पुढं काही आलं नाही, पण कागद तिनं फाडलाही नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला लुवेनियाचा नवरा क्लीओफस धावत आला. दारातच गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत राहिला. पहाटेपासून चाललंय, म्हणाला, आणि पाय आधी आलेत.

पार्थीनं स्वयंपाकघरातली कात्री उकळत्या पाण्यात टाकली.

"पार्थी," एल्बर्ट म्हणाला, "उद्या पाचपर्यंत तरी दम धर."

"तू जा आणि त्या बाळाला सांगून ये, दम धर म्हणून."

तिनं कात्री फडक्यात गुंडाळली, पाव कापायची सुरी घेतली आणि निघाली. फाटकात मुकादम होता. तो सवयीनं बाजूला झाला. तिच्या हातात बॅग नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं असावं.

लुवेनियाचा चेहरा राखेसारखा झाला होता. पार्थी गादीखाली सुरी सरकवत होती, तेव्हा तिनं पार्थीचं मनगट धरलं.

"मावशी, नावं दिलीस?"

"नाही."

"मग माझं दे. एकटीचं दे. म्हणावं अकराही कागद मीच लिहिले, मला अक्षर बदलता येतं. परवाना घे आणि ये परत."

"तुझ्या अक्षराला एक धड वळण नाही, अकरा कुठून आणशील? गप्प राहा. मी सांगेन तेव्हाच जोर लाव."

तीन वाजता मुलगी झाली. निळी. रडेना. पार्थीनं तिच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली, परत घातली, पाठ चोळली, परत फुंकर घातली. क्लीओफस भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग मांजरीसारखा एक बारीक आवाज आला. पण लुवेनियाचं रक्त थांबेना. ते थांबेपर्यंत घरातली सगळी फडकी संपली होती आणि पार्थी तिच्या पोटावर मूठ दाबून तासभर तशीच ओणवी होती. लुवेनिया जगली. ईस्टरपर्यंत तिला उठून बसता आलं नाही.

सुईणीनं भरून खात्याला द्यायच्या जन्मदाखल्याचे दोन कोरे कागद पार्थीच्या बायबलात होते. घरी येऊन तिनं एक भरला. आई, बाप, तारीख, वेळ, मुलीचं नाव: ड्रुसिला टॉल्बर्ट. सगळ्यात खाली, बाळंतपण कुणी केलं.

"तेवढं कोरं सोड," एल्बर्ट म्हणाला. "सही केलीस की गुन्हा कबूल केलास."

"मग पोर काय कापसाच्या बोंडातून निघाली?"

तिनं सही केली. पार्थीनिया क्रूम, पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. आणि आकडा घातलेला तो कालचा कागद चुलीत टाकला.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला तीस दिवसांची कैद झाली. परवाना कधीच परत मिळाला नाही. एल्बर्टला त्या काउंटीत पुन्हा कुणी कामावर ठेवलं नाही. पाणी ओसरून डोशियाचा रस्ता मोकळा होईपर्यंत नदीच्या अलीकडे आणखी दोन बाळं गेली, आणि पार्थी मरेपर्यंत त्या दोघांच्या आणि अर्लीनच्या बाळाच्या नावानं दर रविवारी गुडघे टेकत असे. तिच्यामुळे गेली असं कुणी म्हणालं नाही. तिला विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं नसतं. अकरांपैकी एकही नाव बाहेर आलं नाही, म्हणून तर आजही लोकांना सांगायला दारूची बाटली लागते.

शुक्रवारी पावणेपाचला ती आरोग्य खात्याच्या कचेरीत गेली. हॅटवाला त्याच खुर्चीत होता. पार्थीच्या हातात घडी केलेला कागद बघून मिसेस ट्रुइटचा चेहरा मोकळा झाला. खरोखर मोकळा झाला, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. तिनं घडी उघडली, वरपासून खालपर्यंत वाचलं, सहीपाशी थांबली.

"पार्थीनिया," ती म्हणाली, "मी तुझ्याकडे नावं मागितली होती."

"नावच आहे, बाई. कालच आलंय. जपून ठेवा. एकवीस वर्षांनी ही पोर समोरच्या कोर्टात नाव नोंदवायला येईल, तेव्हा तिच्याकडे वयाचा दाखला मागाल."